सप्टेंबरात कुत्ना होरा : चांदीच्या खाणींच्या गावात दोन दिवस कसे घालवावेत?

प्रश्न (लातूर)

सर्वांना सप्रेम नमस्कार. लातूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इतिहास आणि भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आहे. आमचा मुलगा चेक प्रजासत्ताकातील पार्दुबित्से येथे नोकरीस असून यंदा गौरी-गणपती आटोपले की मी आणि माझी पत्नी तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. म्हणजे तिकडचा उन्हाळा सरत आलेला असेल आणि आपल्याकडे पितृपक्ष चालू असेल. कुत्ना होरा हे चांदीच्या खाणींचे जुने नगर मुलाच्या गावापासून फार लांब नाही. त्याला रजा मिळणार नाही, म्हणून आम्ही दोघांनीच सकाळी निघून तेथील मोठे चर्च आणि हाडांचे ते प्रसिद्ध प्रार्थनास्थळ पाहावे व संध्याकाळी परतावे, असे त्याचे म्हणणे आहे.

एवढ्याने माझे समाधान होईल असे मला वाटत नाही. नाणी, टांकसाळी, व्यापारी मार्ग हे सारे मी फळ्यावर खडूने काढून शिकवले, पण ज्या दगडातून चांदी निघते तो दगड जमिनीखाली जाऊन पाहण्याचा योग कधी आला नाही. तेथे मध्ययुगीन खाणीत उतरता येते, असे वाचले आणि तेव्हापासून मन तेथेच अडकले आहे.

अडचण अशी की माझी पत्नी औसा तालुक्यातील, किल्लारीजवळच्या गावची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ती माहेरी होती आणि दिवस चांगला वर येईपर्यंत दगड-मातीच्या भिंतीखाली अडकून पडली होती. त्यानंतर तिने आजतागायत लिफ्टमध्ये पाऊल ठेवलेले नाही आणि भर पावसाळ्यातही ती खिडकी उघडी ठेवूनच झोपते. “तुम्ही खाणीत जाऊन या, मी वर बसते,” असे ती म्हणते, परंतु परक्या मुलखात तिला एकटीला बाकावर बसवून मी जमिनीखाली जावे, हे मला पटत नाही. तिच्यासाठी वर काही पाहण्याजोगे आहे का? दुसरे म्हणजे पितृपक्षात हाडांच्या त्या जागी जाणे योग्य होईल का, हा प्रश्न तिनेच विचारला आहे आणि मला त्याचे उत्तर देता आलेले नाही. तिसरे, आम्ही अंडेही खात नाही. चौथे, माझा उजवा गुडघा उतरताना दुखतो. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

सर, नमस्कार. मीही इतिहासच शिकवतो आणि दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुत्ना होरा येथे दोन रात्री राहून आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुम्ही गाव एका दिवसात उरकू नका. बहुतेक प्रवासी प्रागहून सकाळच्या गाडीने येतात, हाडे पाहतात, चर्चसमोर छायाचित्र काढतात आणि चारच्या सुमारास परत जातात, त्यामुळे ते चर्च मुळात कोणी आणि कशासाठी बांधले, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. तुम्ही आधी खाण, मग टांकसाळ आणि शेवटी चर्च असा क्रम ठेवा. चांदी ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने आपण चालावे.

आपल्याकडे १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी करून यादवांची संपत्ती लुटून नेली. त्यानंतर चारच वर्षांनी, १३०० मध्ये, बोहेमियाचा (म्हणजे आजच्या चेक प्रदेशाचा) राजा दुसरा वाक्लाव्ह याने खाणकामाचे नियम सांगणारा सविस्तर कायदा तयार करवला आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्सहून बोलावलेल्या जाणकारांच्या मदतीने कुत्ना होरा येथे ‘प्रागचा ग्रोश’ हे चांदीचे नाणे पाडायला सुरुवात केली. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा सिंह असे हे नाणे पुढे मध्य युरोपात दूरवर चालले आणि लोक ते साठ-साठच्या हिशेबाने मोजू लागले. आपण वर्गात देवगिरीचा धडा शिकवतो तेव्हा त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला एका डोंगरउतारावर हातोड्याखाली नाणी पडत होती, हे मला तेथे उभे राहिल्यावर प्रथमच नीट जाणवले.

खाणीची भेट ह्रादेक नावाच्या जुन्या वाड्यातून सुरू होते, जेथे आता चांदीचे संग्रहालय आहे. तेथे दोन प्रकारच्या भेटी असतात. एकीत केवळ वाड्यातील दालने पाहायची असतात, तर दुसरीत खाणीत उतरायचे असते. खाणीत जाणाऱ्या प्रत्येकाला टोपडे असलेला पांढरा अंगरखा, शिरस्त्राण आणि दिवा देतात. खाणकामगार पूर्वी असाच पांढरा अंगरखा घालत, कारण अंधारात पडला-अडकला तर माणूस त्यामुळे चटकन दिसे. त्यावर मागच्या बाजूला चामड्याचा एक जाड तुकडा कमरेला बांधलेला असे. खडकाच्या उतारावरून घसरत खाली जाताना अंग सोलवटू नये, हा त्याचा उपयोग. आज आपण पायऱ्यांनी उतरतो. त्या शंभराहून बऱ्याच अधिक आहेत, म्हणून गुडघ्याला पट्टा बांधा आणि कठड्याच्या बाजूने चाला.

खाली सुमारे अडीचशे मीटर चालायचे असते. कोठे वाट जेमतेम चाळीस सेंटिमीटर रुंद, कोठे छत इतके खाली की वाकल्याशिवाय इलाज नाही. वर कितीही ऊन असले तरी खाली १२ अंशांचाच गारवा. आपल्या देवगिरीची अंधारी तुम्ही मुलांच्या सहलीसोबत अनेकदा पार केली असेल; परंतु अंधारीची वाट शत्रूला चुकवण्यासाठी खोदलेली आहे आणि ही वाट चांदीच्या शिरेमागोमाग जाताना आपोआप तयार झाली आहे. शीर वळली की माणूस वळला, शीर निमुळती झाली की माणसाने अंग चोरले. भिंतीला हात लावून पाहा, छिन्नीचे छोटे-छोटे तिरपे घाव बोटांना लागतात. मी एका जागी मोजायला लागलो आणि वीतभर जागेतच माझा हिशेब चुकला. मध्येच आमच्या मार्गदर्शिकेने सर्वांना दिवे विझवायला सांगितले. डोळ्यांपुढे हात धरला तरी तो दिसेना, आणि पाणी टपकण्याचा आवाज अचानक मोठा झाला. कामगार तर याहून कितीतरी खोल जात. तेथील ‘ओसेल’ ही खाण पाचशे मीटरपर्यंत खोल गेली होती आणि तेथवर जाणे-येणे शिड्यांवरून होते. ‘ओसेल’ म्हणजे गाढव.

टांकसाळ जेथे होती त्या वास्तूला ‘इटालियन दरबार’ म्हणतात, कारण तेथील पहिले जाणकार इटलीहून आले होते. तेथे हाताने नाणे पाडून दाखवतात. पुढे १४०९ मध्ये चौथ्या वाक्लाव्ह राजाने प्राग विद्यापीठातील मतांची वाटणी बदलणारा आदेश याच गावातून काढला, चेक मंडळींना तीन मते आणि इतर सर्वांना मिळून एक मत दिले. त्यावर रुसून गेलेल्या जर्मन अध्यापकांनी लाइपझिगला नवे विद्यापीठ स्थापले. आपल्यासारख्या शिक्षकांनी या गोष्टीसाठी तेथे दोन मिनिटे थांबायला हरकत नाही.

मग संत बार्बाराचे चर्च. ती खाणकामगारांची रक्षणकर्ती मानली जाते, आपल्याकडे विहीर खोदणारा कुदळ मारण्यापूर्वी नारळ फोडतो, त्याच भावनेने तेथे तिचे नाव घेत. बांधकाम १३८८ मध्ये सुरू झाले आणि त्याचा खर्च कोणा बिशपने नव्हे, तर खाणींवर श्रीमंत झालेल्या नागरिकांनी केला. शेजारच्या सेदलेत्स येथील मठाचा वचक आपल्यावर नको, म्हणून त्यांनी जागाही मठाच्या हद्दीबाहेरची निवडली. धर्मसुधारक यान हुस याच्या अनुयायांच्या, म्हणजे हुसाइट युद्धांत काम थांबले, पुढे मात्येय रेयसेक आणि बेनेडिक्ट रीड या वास्तुकारांनी ते पुढे नेले, चांदी आटल्यावर पुन्हा रखडले, आणि इमारत पूर्ण झाली ती १९०५ मध्ये. आत गेल्यावर माझी मान वर गेली ती बराच वेळ खाली आली नाही, कारण छताच्या दगडी फासळ्या फुलांच्या पाकळ्यांसारख्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत. एका बाजूच्या लहान दालनातील भिंतीवर नाणी पाडणारे कारागीर रंगवलेले आहेत. देवघरात हातोडा उगारलेला कारागीर मी अन्यत्र पाहिलेला नाही. आणि तेथेच, पांढरा अंगरखा घातलेला खाणकामगाराचा पुतळा उभा आहे. सकाळी तोच अंगरखा तुम्ही स्वतः घातलेला असेल तर त्या पुतळ्यापुढे उभे राहणे फार वेगळे वाटते. क्रम असा ठेवा म्हणून मी सांगतो ते एवढ्यासाठीच.

आणखी एक. गावात १४९५ चा बारा बाजूंचा दगडी हौद आहे. खाणींमुळे जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा बिघडल्या आणि पिण्याचे पाणी लाकडी नळांतून बाहेरून आणावे लागले, ते या हौदात साठवत. आमच्या शहरात मलिक अंबरने नहर आणली ती याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. मराठवाड्यातला माणूस त्या हौदापाशी थांबल्याशिवाय राहणार नाही.

उत्तर (धाराशिव)

काका, नमस्कार. मी आपल्यापेक्षा वयाने बराच लहान आहे, परंतु आपल्या पहिल्या अडचणीविषयी मला लिहिलेच पाहिजे, कारण माझी आई सास्तूर भागातील आहे आणि तिची गोष्ट काकूंच्या गोष्टीहून फार वेगळी नाही. मी ब्र्नो येथे शिकत असताना ती आली होती आणि आम्ही कुत्ना होरा येथे गेलो होतो.

मी तिला खाणीत चलण्याचा आग्रह केला. ती माझी चूक होती, हे मी आज स्पष्टपणे मान्य करतो. तिने मला नाराज करू नये म्हणून अंगरखा चढवला, शिरस्त्राणही घातले, आणि दाराशी आल्यावर खालून येणारी गार ओली हवा तोंडावर लागताच तिने माझे मनगट घट्ट धरले. ती काही बोलली नाही. ओल्या मातीचा तो वास तिने कोठे घेतला होता, हे मला तेव्हा समजले. मी मार्गदर्शकाला सांगितले, आमच्या दोघांचे अंगरखे परत केले आणि आम्ही वर आलो. तेथील लोकांनी अतिशय समजुतीने घेतले, कोणी एक शब्द वावगा बोलले नाही.

परंतु त्याच संग्रहालयात जमिनीवर एक प्रचंड लाकडी यंत्र ठेवलेले आहे. मध्ये उभा खांब, त्याला लांब आडवे दांडे, दांड्यांना घोडे जुंपायचे आणि गोल फिरवायचे, म्हणजे वर दोर गुंडाळला जाऊन खाणीतून दगडाची पोती वर येत. आई त्यापाशी गेली, दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “हा तर घाणा आहे, फक्त तेलाऐवजी मोटेसारखा दोर ओढतो.” नंतर तिनेच मला समजावून सांगितले की दोर खांबावर कोणत्या बाजूने गुंडाळला असेल, वर येणाऱ्या पोत्याबरोबर रिकामे पोते खाली कसे जात असेल, जनावराला उलट फिरवताना जू कसे बदलावे लागत असेल. तिच्या वडिलांकडे बैलांची मोट होती. माहितीफलक इंग्रजीत होता आणि तो वाचल्यावर तिचे बहुतेक अंदाज बरोबर निघाले. त्या दिवशी खाण मी पाहिली नाही, पण खाण कशी चालत असे ते मला आईकडून कळले.

म्हणून काकूंना खाणीत नेऊ नका आणि बाकावरही बसवू नका. ह्रादेकची केवळ दालनांची भेट आधी दोघांनी मिळून घ्या. नंतर तुम्ही खाणीत जाल तेव्हा काकूंनी चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर थांबावे. तो रस्ता जुन्या येशूसंघीय (जेझुइट पाद्र्यांच्या) महाविद्यालयाच्या लांबलचक इमारतीला लागून आहे, एका बाजूला दगडी पुतळ्यांची रांग आणि कठडा, कठड्याखाली दरी, द्राक्षमळे आणि व्रखलिसे नावाची लहान नदी. डोक्यावर पूर्ण आभाळ असते. माझी आई तेथे तासभर बसली आणि उठायला तयार नव्हती. त्या इमारतीत आता कलादालन आहे, त्यामुळे पाऊस आलाच तर आत जाता येईल.

उत्तर (मूळ परभणी, सध्या प्राग)

सर आणि काकू, दोघांना नमस्कार. मी येथे अकरा वर्षांपासून राहते आणि माहेरची माणसे आली की त्यांना कुत्ना होरा येथे नेतेच, म्हणून उरलेल्या प्रश्नांविषयी लिहिते.

आधी काकूंचा प्रश्न. सेदलेत्स येथील ते स्थान पाहण्याची वस्तू म्हणून जाहिरातींत दाखवतात, पण मुळात ते दफनभूमीतील प्रार्थनाघर आहे, आजही भोवती थडगी आहेत. असे सांगतात की १२७८ च्या सुमारास तेथील मठाधिपती जेरुसलेमला गेले आणि येशूला जेथे सुळावर चढवले त्या टेकडीची मूठभर माती घेऊन आले. ती माती या जमिनीवर टाकली गेली आणि मग दूरदूरच्या लोकांना आपला देह येथेच ठेवला जावा असे वाटू लागले. चौदाव्या शतकातील प्लेग आणि पंधराव्या शतकातील हुसाइट युद्धे यांत मेलेल्यांची भर पडली. पुढे जागा मोकळी करण्यासाठी हाडे उकरून तळघरात रचली गेली. ही हाडे निदान चाळीस हजार माणसांची असावीत, असे मानतात. आज दिसणारी मांडणी, म्हणजे झुंबर आणि श्वार्झेनबर्ग घराण्याचे मानचिन्ह, फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने १८७० मध्ये केली. जिन्याजवळच्या भिंतीवर त्याने आपले नावही हाडांनीच लिहिले आहे.

माझे माहेर गंगाखेडच्या बाजूला आहे. आमच्याकडे कोणाचेही अस्थिविसर्जन गोदावरीतच व्हावे, अशी घरातल्या प्रत्येकाची इच्छा असते आणि त्यासाठी लोक लांबून येतात. त्या मूठभर मातीची गोष्ट ऐकली तेव्हा मला गंगाखेडचा घाट आठवला. पवित्र जागी आपली हाडे असावीत, एवढेच त्या माणसांनी मागितले होते. पितृपक्षात तेथे जाऊ नये असे मला वाटत नाही, परंतु जाण्यापूर्वी काकूंनी मनात एकदा ठरवावे की आपण दर्शनाला जात आहोत. मन तयार नसेल तर त्या दिवशी बाहेर थांबण्यात काहीही कमीपणा नाही. तळघर लहान आणि थोडे खाली आहे, तरी ते खाणीसारखे कोंडलेले नाही, त्याला खिडक्यांचा उजेड आहे. आत छायाचित्रे काढायला आता मनाई आहे आणि ते फार बरे झाले. पूर्वी कवट्यांशेजारी गाल टेकवून छायाचित्रे काढणारे लोक पाहून मला खूप वाईट वाटे. हल्ली दुरुस्ती चालू असते, हाडांचे मोठे मनोरे एकेक करून उतरवून, साफ करून पुन्हा रचतात, त्यामुळे एखादा कोपरा रिकामा दिसला तर आश्चर्य मानू नये. तिकीट मात्र दारात न मिळता जवळच्या माहिती केंद्रात घ्यावे लागते.

तेथून दोन-चार मिनिटांवर सेदलेत्सचे मोठे चर्च आहे. ते गर्दीतले बहुतेक लोक वगळतात, ते तुम्ही वगळू नका. मठ ११४२ चा, चर्च १४२१ मध्ये जाळले गेले आणि जवळजवळ तीनशे वर्षे भग्नावस्थेत राहिले. अठराव्या शतकाच्या आरंभी सांतिनी या वास्तुकाराने जुन्या उंच कमानी ठेवून ते पुन्हा उभे केले. हाडांच्या अंधुक जागेतून थेट या पांढऱ्या-पिवळ्या उजेडात आल्यावर जीव मोकळा होतो, म्हणून काकूंना नंतर लगेच येथे न्यावे.

गाडीचे म्हणाल तर पार्दुबित्सेहून कोलीनला उतरून दुसरी गाडी धरावी. कुत्ना होराचे मुख्य स्थानक गावापासून तीन किलोमीटरवर, सेदलेत्सच्या बाजूला आहे, आणि तेथून एक छोटी गाडी जुन्या गावाजवळच्या स्थानकापर्यंत जाते. सोमवारी संग्रहालय बंद असते, म्हणून मंगळवारी जावे. खाणीच्या भेटीत थोडीच माणसे घेतात, तेव्हा मुलाला आधीच नाव नोंदवायला सांगा.

जेवणाची काळजी रास्त आहे. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय, पण एवढे सांगून भागत नाही, कारण येथे अंडे शाकाहारीच समजतात. तळलेल्या चीजच्या आवरणात अंडे असते, बटाट्याच्या धिरड्यासारख्या ‘ब्रांबोराक’मध्येही बहुधा असतेच. ‘बेझ वायेत्स’, म्हणजे अंड्यांशिवाय, हे दोन शब्द कागदावर लिहून ठेवा आणि सूप कशाच्या पाण्यात केले आहे तेही विचारा. उकडलेले बटाटे, कोशिंबिरी, पाव, ‘त्वारोह’ नावाचा ताज्या पनीरसारखा प्रकार आणि या दिवसांत ढिगाने मिळणारे आलुबुखारे यांवर दोन दिवस सहज निघतात. मी आईसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, आणि चर्चखालच्या कठड्यावर बसून खाल्लेली ती दशमी आई अजून आठवते.

सप्टेंबरमध्ये चर्चखालच्या उतारावर द्राक्षांची काढणी चालते. आपल्याकडे औसा-तुळजापूर भागात द्राक्षे उन्हाळ्याच्या तोंडावर निघतात, येथे उन्हाळा संपताना. त्याच सुमारास जागोजागी ‘बुर्चाक’ म्हणून ढगाळ रंगाचा द्राक्षरस विकतात. तो गोड लागतो, पण तो आंबत असलेला, मद्य होत चाललेला रस आहे, हे लक्षात असू द्या. बाटलीचे झाकण घट्ट लावले तर ती फुटते, इतका तो जिवंत असतो.

हवा दिवसा सुखाची आणि पहाटे चांगलीच थंड असेल, स्वेटर हवाच. या दिवसांना चेक भाषेत ‘बाबी लेतो’ म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्या बायकांचा उन्हाळा. हवेत कोळ्यांचे चमकते धागे तरंगत असतात आणि त्या धाग्यांनाही तेच नाव आहे. आपण लहानपणी रुईच्या बोंडातून उडालेल्या कापसाला म्हातारी म्हणत तिच्यामागे धावत होतो. काकू कठड्यावर बसतील तेव्हा ऊन तिरपे असताना समोर पाहावे, हमखास दिसतील.

उत्तर (नांदेड)

गुरुजी, मी चंद्रपूरकडील कोळशाच्या खाणीत सव्वीस वर्षे काढली, त्यामुळे या विषयात बोलल्याशिवाय राहवत नाही. वरील माहिती उत्तम आहे. मात्र खाणकाम मनापासून समजून घ्यायचे असेल तर प्रागच्या नैर्ऋत्येस असलेले प्शीब्राम कुत्ना होरापेक्षा अधिक शिकवते, असे माझे मत आहे. तेथे १८७५ मध्ये जगात प्रथमच उभी खाण हजार मीटर खोल गेली, आणि १८९२ मध्ये त्याच भागातील खाणीत लागलेल्या आगीत ३१९ माणसे दगावली. ज्याने खाणीत काम केले आहे त्याला तो आकडा नुसता आकडा वाटत नाही. आग फार लांबपर्यंत जात नाही, धूर जातो, आणि वारा ज्या वाटेने खाली येतो त्याच वाटेने धूरही येतो.

कुत्ना होरा येथे गेल्यावर घरांवर, दारांवर एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन हातोडे कोरलेले दिसले तर नीट पाहा. त्यांतील एकच हातोडा आहे, दुसरी दांडा बसवलेली छिन्नी आहे. एका हाताने छिन्नी खडकावर धरायची, दुसऱ्याने घाव घालायचा. आमच्याकडेही खाणीचे चिन्ह हेच असे. आणि चांदी संपली म्हणून गाव ओसरले एवढेच कारण नव्हते. खाण जसजशी खोल जाते तसतसे पाणी वाढते आणि ते उपसण्याचा खर्च चांदीच्या किमतीला गाठतो. त्यातच सोळाव्या शतकात अमेरिकेची स्वस्त चांदी युरोपात आली.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

नांदेडच्या साहेबांचा अनुभव मोठा आहे आणि प्शीब्रामविषयी त्यांनी लिहिले ते योग्यच आहे, पण पार्दुबित्सेहून ते बरेच दूर पडेल आणि सरांच्या गुडघ्याचा विचार करता मी या खेपेस कुत्ना होराच धरीन. दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर गावाच्या उत्तरेस कान्क नावाची टेकडी आहे. मूळ खाणींपैकी कित्येक तेथे होत्या, जस्त आणि शिशासाठी तेथे अगदी १९९१ पर्यंत खोदकाम चालले, आणि खाणीतून उपसलेल्या टाकाऊ दगडांचे ढीग अजूनही दिसतात. भूगोलाच्या शिक्षकाला ते ढीग पाहून आनंद होईल. फक्त तेथील खडा आठवण म्हणून खिशात घालू नका, त्या मातीत आर्सेनिकचे प्रमाण बरेच आहे. कुत्नोहोराइट हे मँगनीजयुक्त कार्बोनेट खनिज याच गावाच्या नावाने ओळखले जाते.

प्रश्नकर्ते (लातूर)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सर्व उत्तरे मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवली. सास्तूरच्या त्या माउलीचा प्रसंग वाचताना तिने मला मध्येच थांबवले आणि तो भाग पुन्हा वाचायला सांगितला. ओल्या मातीच्या वासाविषयी ती माझ्याशी बत्तीस वर्षांत प्रथमच बोलली. काय बोलली ते येथे लिहीत नाही.

ठरले ते असे. मंगळवारी सकाळी निघून थेट जुन्या गावात जाऊ, दोघे मिळून ह्रादेकची दालने आणि तो घोड्यांचा घाणा पाहू, दुपारी मी खाणीत उतरेन आणि ती कठड्यावर बसेल. संध्याकाळी दोघे चर्चमध्ये जाऊ. टांकसाळ आणि दगडी हौद बुधवारी सकाळी, आणि परतीच्या वाटेवर सेदलेत्स. हाडांच्या ठिकाणी जाणार असल्याचे तिने स्वतःच सांगितले, पण आधी मोठ्या चर्चमध्ये बसून मग तिकडे जायचे, म्हणजे परभणीच्या ताईंनी सांगितलेल्या क्रमाच्या उलट. तिच्या वडिलांचे श्राद्ध त्याच आठवड्यात येते. ते त्या भूकंपातच गेले.

ताई, एकच विचारायचे राहिले. दशम्या येथून निघताना करून नेल्या तर मंगळवारपर्यंत टिकणार नाहीत, आणि मुलाकडे ज्वारीचे पीठ नाही. पीठ सोबत नेता येईल का?

उत्तर (मूळ परभणी, सध्या प्राग)

सर, पीठ आणता येते. फक्त दूध, तूप, खवा किंवा दुधाचे इतर कोणतेही पदार्थ सामानात ठेवू नका, ते युरोपीय संघात येताना विमानतळावर काढून घेतात. ज्वारीचे पीठ दोन किलो आणा, कारण येथे ते सहज मिळत नाही, आणि दशम्यांना लागणारे दूध येथे घ्या. काकूंना सांगा की चुलीची धग येथील विजेच्या शेगडीला नसते, तवा दहा मिनिटे आधी तापत ठेवावा.